बाबा, तिचा अभ्यास सुटणार नाही

बर्लिन

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर माझ्या लेकीबद्दल बाबा म्हणाले, "बास्केटबॉलसाठी पोरीला अमेरिकेला? मग शिकणार कधी?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

इथे जर्मनीत खेळ क्लबात आणि शिक्षण विद्यापीठात. खेळ बघून विद्यापीठ शिष्यवृत्ती देत नाही. अमेरिकेत कॉलेजचाच संघ असतो आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलीला तो सामन्यात उतरवूच शकत नाही. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पुरा हवा, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. हंगामात सरावही आठवड्याला २० तासांपर्यंतच. असे नियम आपल्याकडे असते तर दहावीत माझा खो-खो सुटला नसता, बाबा. राग नाही, पण अजून आठवतं.

लेकीच्या खोलीत साटू साबाली या बास्केटबॉलपटूचा फोटो आहे. तीही बर्लिनमध्ये वाढलेली, २०१७ मध्ये ऑरेगन विद्यापीठात गेली. २०१९ च्या नोव्हेंबरात त्या कॉलेजच्या मुलींनी चक्क अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाला ९३-८६ असं हरवलं, त्यात साटूचे २५ गुण! पुढच्या मार्चमध्ये कोविडमुळे कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. वर्षभर जिच्यासाठी राबल्या, ती खेळायलाच मिळाली नाही. पदवी मात्र साटूने तीनच वर्षांत मिळवली, सामाजिक शास्त्रांची, जोडीला कायद्याचे विषय. एप्रिलमध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे तिथल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, खेळाडू-निवडीत तिचं नाव दुसरं आलं.

आई, दुखापतीची तुझी धास्ती मलाही आहे. साटूची धाकटी बहीण न्यारा त्याच कॉलेजात गेली आणि गुडघ्यामुळे पहिली दोन वर्षं एकही सामना खेळू शकली नाही. वर्ग मात्र चालू होते. पुढे ती खेळली, आणि २०२४ मध्ये दोघी बहिणी जर्मनीकडून पॅरिस ऑलिंपिकला उतरल्या.

एक अडचण आहे. तिथल्या मुलींना आता जाहिरातींतून पैसे मिळतात, पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ते सहज घेता येत नाहीत. तेव्हा वरखर्चाचं आम्हीच बघू.

जाण्याआधी पोर दोन आठवड्यांसाठी सांगलीला येते आहे. कोणते विषय घ्यावेत ते बाबांना विचारायचंय म्हणते. गणित सोडायला मात्र तयार नाही.

तुमची लेक