जार पडेपर्यंत पारडू उपाशी का?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

मी मुरबाड तालुक्यातली, ठाणे जिल्ह्यातली, एक म्हैसपालक. घरी पाच म्हशी, दूध कल्याणला जातं. दुधाच्या भावाबद्दल आज काही मागत नाही. पारडांसाठी लिहिते आहे.

गेल्या जानेवारीत आमची म्हैस पहाटे तीनच्या सुमारास व्याली. माळशेजकडचा गार वारा, गोठ्याची एक बाजू उघडी. पारडू ओलंचिंब, पण धडधाकट. थोड्याच वेळात उभं राहायला धडपडू लागलं. सासूबाई म्हणाल्या, जार, म्हणजे व्याल्यावर मागून पडणारी वार, पडल्याशिवाय आचळाला लावायचं नाही. त्यांच्या आईनं त्यांना तेच शिकवलं होतं. मी ऐकलं. जार पडायला दुपार झाली. तोवर पारडाचे कान नि पाय गार पडले होते, तोंडात बोट घातलं तर चोखेना. संध्याकाळी गेलं. चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, तेवढा उरला, आणि त्याचा खरवस मी कुणाला करू दिला नाही.

डॉक्टरांनी नंतर जे समजावलं ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. जन्मलेल्या वासराच्या अंगात चरबी वजनाच्या जेमतेम ३ ते ४ टक्के असते. त्यातली तपकिरी चरबी जाळून ते ऊब धरतं. यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर साठलेली असते, तीही लवकर संपते. ही सगळी शिदोरी मिळून दिवसभरही पुरत नाही, आणि अंग ओलं असेल, पारा १५ अंशांच्या खाली असेल तर त्याहून लवकर सरते. चारा पचवणारं कोठीपोट अजून चालू झालेलं नसतं, म्हणून चारा-पेंढा काही कामाचा नाही. ताकद येते ती चिकातूनच. साध्या दुधापेक्षा त्यात प्रथिनं कितीतरी जास्त असतात. शिवाय रोगाशी लढणारे घटक पारडाला आईच्या पोटात मिळत नाहीत, ते चिकातूनच मिळतात. आतडं ते पहिले काही तासच नीट शोषतं, २४ तासांनी ती वाट बंद. ३० किलोच्या पारडाला पहिल्या दिवशी सुमारे ३ लिटर चीक हवा, त्यातला पहिला वाटा तास-दोन तासांत. आणि पारडू चोखायला लागलं की जार पडायलाही मदतच होते. आम्ही नेमकं उलटं करत आलो.

साहेब, म्हशीच्या कृत्रिम रेतनाची तारीख आपल्या दवाखान्यांच्या नोंदवहीत असते. म्हैस साधारण १० महिने १० दिवसांनी विते. मग त्याच्या आठवडाभर आधी एखादा कर्मचारी त्या घरी का जाऊ नये? अंग पुसायला कोरडी पोती, नाळेला आयोडीन, आणि जार पडायची वाट न पाहता चीक, एवढं त्यानं सांगावं. १९६२ नंबरावर फोन केला की येणारी जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी गावात येते तेव्हाही हे सांगता येईल. तालुक्याच्या दवाखान्यात एक छोटा फ्रीझर ठेवून चीक गोठवून ठेवला, तर ज्याची आई दगावली त्या पारडाला तो कोमट पाण्यात वितळवून देता येईल. उकळून मात्र नाही, उकळला की त्यातले रोगाशी लढणारे घटक जातात.

आमची दुसरी म्हैस येत्या पौषात व्यायची आहे. पोती आणि आयोडीन मी आणून ठेवलं आहे, सासूबाईंनीही मान डोलावली आहे. शेजारच्या वाडीत मात्र अजून जार पडायचीच वाट पाहतात. माझं ते ऐकत नाहीत, आपल्या डॉक्टरांचं ऐकतील.

आपली नम्र,
एक म्हैसपालक, ता. मुरबाड, जि. ठाणे