पैसे शांतौचे घेतलेत, दाखवलंत शेन्झेन

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय : दक्षिण चीन खाद्यसहल – परतावा आणि लेखी खुलासा

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी जे बोलणं झालं, त्यानंतर फोन करायची इच्छा उरलेली नाही. म्हणून लेखी. बुकिंग, पावत्या, ईमेल सगळं तुमच्याकडे आहे. सहलीचं पत्रक तुम्हीच छापलंय, तेव्हा त्यात काय आहे हे मी सांगायची गरज नसावी. पण तुमच्या माणसांनी ते वाचलेलं नाही, एवढं नक्की.

पत्रकात दक्षिण चीनमधल्या शांतौ शहराच्या तीन रात्री होत्या. जुन्या शहरात पायी फेरी, छ्याओपी संग्रहालय (छ्याओपी म्हणजे परदेशी गेलेल्यांनी घरी पैशांसोबत पाठवलेली पत्रं), शांतौच्याच छंगहाय भागातला छन घराण्याचा वाडा आणि रोज एक स्थानिक जेवण. मिळाली एक रात्र. तीही ग्वांगचौला रेशमाच्या दुकानात अर्धा दिवस घालवून छाओशान स्टेशनवर अंधार पडल्यावर उतरलो तेव्हा सुरू झालेली. दुसऱ्या दिवशी सोमवार. संग्रहालय बंद. चीनमधली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे आम्ही घरबसल्या वाचलं होतं. वर्षानुवर्षं चीनला माणसं नेणाऱ्या कंपनीला ते कळू नये?

जुनं शहर बसमधून पाहिलं. मधोमध मंडप, त्याच्याभोवती पंख्यासारखे उलगडत गेलेले रस्ते, दोन्ही बाजूंना खाली ओसरीवजा पदपथ आणि वर घरं. थायलंड, मलाया, सिंगापूरला गेलेल्या इथल्या लोकांचा पैसा या इमारतींत ओतलेला आहे. चालत फिरण्यासाठीच बांधलेली जागा, आणि तुमचा टूर मॅनेजर माइकवर म्हणतोय, "डावीकडे हेरिटेज आहे, फोटो काढून घ्या." बस थांबली नाही. फोटोत माझ्या पत्नीचं प्रतिबिंब आलंय, हेरिटेज नाही.

छन घराण्याचा वाडा तर रद्दच. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, तांदळाच्या धंद्यात कमावलेल्या या घराण्याने १९१० मध्ये बांधायला घेतलेला, पाचशेच्या वर खोल्यांचा पसारा. कारण काय, तर "ट्रेन चुकेल". ट्रेन कुठली? शेन्झेनची. जी पत्रकात नव्हतीच.

शेन्झेनला आम्हाला विंडो ऑफ द वर्ल्ड या प्रतिकृतींच्या पार्कमध्ये सोडलंत. तिथे आयफेल टॉवर आहे, पिरॅमिड आहेत आणि ताजमहालही आहे. चीनला जाऊन ताजमहाल पाहणारे आम्ही. आभारी आहोत.

आता जेवण. खाद्यसहल हा शब्द तुमचा, माझा नव्हे. शांतौच्या त्या एकुलत्या रात्री तुमच्याबरोबरच्या महाराजांनी हॉटेलच्या हॉलमध्ये पावभाजी केली. पावभाजी उत्तम होती, त्यांच्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. ज्यांना ती हवी होती त्यांना मिळाली, चांगलंच झालं. पण आम्ही मालवणची माणसं, मासळी सोडून राहत नाही, आणि ज्या शहरासाठी पैसे मोजले तिथलं काहीच ताटात नव्हतं. शेवटी आम्ही दोघं गुपचूप बाहेर पडलो. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई मोठ्या तव्यावर डुकराच्या चरबीत रताळ्याच्या पिठीचं सरबरीत पीठ ओतत होती. त्यात पेराएवढी कालवं, वर अंडं फोडलेलं. कडा तांबूस कुरकुरीत होईतो तिने हात लावला नाही. मग उलथन्याने तुकडे केले, कोथिंबीर टाकली, शेजारी फिश सॉसची वाटी. शेजारच्या दुकानदाराने खुणेनेच बसवून घेतलं आणि घोटभराच्या पेल्यांतून कडक चहा दिला, एकदा नव्हे, परत परत. त्या जेवणासाठी मी तुम्हाला एक रुपयाही देणं लागत नाही. उलट परतल्यावर तुमच्या मॅनेजरने सगळ्यांदेखत सुनावलं, "काका, ग्रुप डिसिप्लिन पाळा."

आता आजचा फोन. हे नीट वाचा, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच.

तुमच्या ग्राहक सेवेतला मुलगा म्हणाला, "सर, शांतौ कव्हर झालंय."
मी विचारलं, कव्हर म्हणजे?
"सिस्टिममध्ये टिक आहे, सर."
मी म्हटलं, संग्रहालय बंद होतं. सोमवार होता.
"त्याच्या बदल्यात विंडो ऑफ द वर्ल्ड दिलंय ना. तिकीट महाग असतं सर, तुमचा फायदाच झाला."
मी शांतपणे सांगितलं की मला ती पत्रं बघायची होती. परदेशी राबणाऱ्यांनी घरी पाठवलेले पैसे आणि पैशांसोबतचं पत्र. युनेस्कोने २०१३ मध्ये त्यांची जागतिक स्मृती म्हणून नोंद केली आहे.
पलीकडे टायपिंगचा आवाज. मग हसू दाबत, "सर, जुन्या मनीऑर्डरी बघायला चीनला कोण जातं?"

मी जातो. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार शब्द लिहायला जागा असायची, आजीने ते तुकडे पत्र्याच्या डब्यात जपले होते. छ्याओपीच्या पाकिटावर रक्कम लिहिलेली असते, आत घरची विचारपूस, आणि पैसे पोचल्याचं उत्तर उलट टपाली परत जायचं. मला ते काचेआड का होईना, बघायचं होतं. हे मी त्या मुलाला सांगणार होतो. पण तोवर तो म्हणाला, "आणि चायनीज तर सर आपल्याकडेही मिळतं." मग होल्ड. तुमच्या जाहिरातीचं गाणं. मग फोन कट.

त्या मुलाला नोकरीवरून काढू नका. त्याला तुम्ही जे शिकवलंत तेच तो बोलला. आई-बाबांना काशीला तुमच्याबरोबर पाठवलं होतं, तेव्हा तुमचा माणूस रोज रात्री त्यांची औषधं विचारायचा. ती कंपनी कुठे गेली?

मागणी सरळ आहे. शांतौच्या न दिलेल्या दोन रात्री, रद्द केलेला वाडा, न दिलेली स्थानिक जेवणं, यांचे पैसे परत. सोमवारचा मुक्काम कोणी ठरवला याचा खुलासा तुमच्या लेटरहेडवर, सहीनिशी. 'गैरसोयीबद्दल दिलगीर' आणि पुढच्या सहलीचं कूपन नको. कूपन आलं तर तेही पुरावा म्हणून जोडीन. १५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि मी निवृत्त आहे, तारखांना यायला मला भरपूर वेळ आहे.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

सोबत : पत्रकाची प्रत, पावती, बसमधून काढलेले फोटो