डिस्टन यांच्या करवतीचे श्रेय पोलादाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत सुतारकामाच्या हत्यारांविषयी आलेला लेख आवडीने वाचला. मात्र फिलाडेल्फियातील डिस्टन कारखान्याची कीर्ती 1874 च्या पेटंटमुळे, म्हणजे पाठीला बाक दिलेल्या करवतीमुळे झाली, हे त्यातील विधान पटले नाही. त्या बाकामुळे पाते थोडे हलके आणि दिसायला डौलदार झाले, हे खरे. पण कारखान्याचे नाव त्याआधीच झाले होते आणि त्याचे मूळ पाठीत नव्हे, तर मुशीत होते.

हेन्री डिस्टन यांचा जन्म 1819 मध्ये इंग्लंडमधील ट्यूक्सबरी येथे झाला. 1833 मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर काही दिवसांतच वडील वारले आणि हा पोरका मुलगा करवती बनवणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. 1840 मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा चांगली करवत म्हणजे इंग्लंडची, शेफील्डच्या पोलादाची, अशी अमेरिकी सुतारांची ठाम समजूत होती आणि ती निराधारही नव्हती. डिस्टन यांनी जाहिरातबाजीने तिच्याशी झगडण्याऐवजी 1855 मध्ये स्वतःची भट्टी उभारली आणि करवतीचे पोलाद मुशीत वितळवायला सुरुवात केली. 1861 मध्ये अमेरिकेने परदेशी मालावरील जकात वाढवली, त्या वेळी इतर कारखानदार आयात पत्र्यावर अवलंबून होते, तर यांची भट्टी सहा वर्षे चालू होती. जकातीचा फायदा त्यांना झाला, यात शंका नाही, पण तो घेण्याची तयारी आधीच झालेली होती.

पोलादावर एवढा भर का, हे पाते हातात घेतले की कळते. ते इतके कठीण हवे की दातांची धार टिकेल, आणि इतके नरमही हवे की कानशीने दात घासता येतील व न मोडता बाहेर वाकवता येतील. हा तोल पाणी देण्याच्या कसबावर ठरतो (आपण ‘पाणी’ म्हणतो, तिथे तापलेले पाते तेलात विझवत). शिवाय चांगल्या प्रतीच्या करवतीचे पाते दातांच्या बाजूला जाड आणि पाठीकडे पातळ घासलेले असे, त्यामुळे ते चिरेत अडकत नसे. वाचकांना दिसत नाही ते काम हेच, आणि लेखात नेमके तेच वगळले गेले.

आणखी एक दुरुस्ती. फ्लॉरिडातील 40 लाख एकर जमीन एकरी 25 सेंट दराने हेन्री यांनी घेतली, असे लेखात म्हटले आहे. हेन्री 1878 मध्येच वारले होते. तो व्यवहार 1881 मध्ये त्यांचे पुत्र हॅमिल्टन यांनी केला. डेलावेअर नदीकाठच्या टॅकोनीला कारखाना हलवून तिथे कामगारांसाठी वसाहत उभारण्याची आणि तिच्या खरेदीखतांतच दारूच्या गुत्त्यांना मज्जाव करण्याची योजना मात्र हेन्री यांची.

विजेच्या करवतींनी कारखाना बुडवला, हे लेखातील निदानही अपुरे वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हीच कंपनी इंजिनावर चालणाऱ्या, दोघांनी धरायच्या साखळी करवती बनवत होती. तेव्हा नव्या यंत्रांकडे तिने पाठ फिरवली होती, असे म्हणता येत नाही. तरीही 1955 मध्ये ती एच. के. पोर्टर कंपनीला विकली गेली.

लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘1850 ची करवत’ असे छापले आहे, पण मुठीवरील पितळी बिल्ल्यावर ‘अँड सन्स’ ही अक्षरे स्पष्ट दिसतात. 1865 मध्ये हॅमिल्टन भागीदार झाल्यावर नावात प्रथम ‘अँड सन’ आले आणि अनेकवचनी ‘सन्स’ 1871 मध्ये. म्हणजे ती करवत 1871 नंतरचीच आहे.

आपला,
एक नियमित वाचक