घड्याळाला झोपेचं सोंग कळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला झोपेवरचा लेख वाचला, लेख छानच होता पण मनगटावरच्या स्मार्टवॉचचे आकडे त्यात डॉक्टरी रिपोर्ट असल्यासारखे दिलेत ते काही पटलं नाही म्हणून लिहितेय.

आधी माझा अनुभव. मागच्या महिन्यात एका रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारच्याची झोप मोडायला नको म्हणून कूससुद्धा न बदलता छताकडे बघत पडून राहिले, आणि सकाळी ॲप उघडते तर सहा तास चाळीस मिनिटं झोप, त्यात सव्वा तास डीप! आता यात घड्याळाचा तरी काय दोष म्हणा, त्याच्यात हालचाल टिपणारा सेन्सर असतो आणि खालच्या हिरव्या लाइटने नाडीचे ठोके मोजतात, मेंदूपर्यंत ते पोचतच नाही. हालचालीवरून झोप ओळखायच्या पद्धतीला ॲक्टिग्राफी म्हणतात, संशोधक पण वापरतात ती, दोन-दोन आठवडे माणूस किती वाजता झोपतो-उठतो हे बघायला चांगली आहे. पण गप पडून जागा असलेला माणूस ती बऱ्याचदा झोपलेल्यात धरते. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, इथे तर ते सोंग आहे हेच कळत नाही.

खरी मोजणी मेंदूवरून होते. हान्स बर्गरने १९२९ मध्ये माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद छापली, तोच आपला ईईजी. डोळे मिटून नुसते शांत पडलो असलो तर सेकंदाला ८ ते १३ लहरी दिसतात, पेंग आली की त्या विरतात, मग मधेच स्पिंडल नावाचे लहरींचे छोटे झुबके येतात आणि गाढ झोपेत सेकंदाला जेमतेम एखाद-दोन पण चांगल्या उंच लहरी. गंमत म्हणजे पहिल्या हलक्या टप्प्यातून कुणाला उठवलं तर बरेच जण छातीठोक सांगतात की मी झोपलोच नव्हतो! (सोफ्यावर घोरणारे घरोघरी हेच सांगतात, ते खोटं बोलत नसतात बहुतेक.)

पण ईईजी एकटाही पुरत नाही. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत मधूनमधून मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणसं बहुतेक वेळा स्वप्न सांगतात. या रेम झोपेत मेंदूच्या लहरी जवळपास जाग्या माणसासारख्या आणि स्नायू मात्र पार ढिले. म्हणजे लहरींवरून जागा, अंगावरून झोपलेला. म्हणून तर लॅबमध्ये डोक्याबरोबर डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर पण वायरी लावतात. सकाळच्या बाजूला ही रेम वाढत जाते आणि गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, म्हणजे आपली साखरझोप ती बरीचशी स्वप्नांचीच.

आणि लॅबमधली ही रात्रभराची नोंद वाचतात कशी तर ३०-३० सेकंदांचे तुकडे करून. पूर्वी कागद सेकंदाला १ सेंटिमीटर सरकायचा, ८ तासांचा हिशोब केला तर एका रात्रीची ९६० पानं, जवळपास २९० मीटर कागद, आणि प्रत्येक पानाला माणूस बसून टप्पा ठरवायचा. दोन जाणकार बसवले तर काही पानांवर त्यांचंही जुळत नाही. टप्पे ठरवायच्या १९६८ च्या नियमांत गाढ झोपेचे दोन टप्पे होते, २००७ मध्ये त्यांचा एकच केला. तीस सेकंदांतले निदान सहा सेकंद त्या उंच लहरी असल्या की गाढ, ही रेघ माणसांनीच ठरवलेली आहे. तिथे एवढी घासाघीस आणि ॲप सांगतं डीप १ तास १७ मिनिटं, वर ७१ मार्क!

त्यात या मार्कांच्या नादाने झोप उडणारे लोक आहेत, संशोधकांनी २०१७ मध्ये त्याला ऑर्थोसोम्निया असं नावच दिलं. माझंही तेच व्हायला लागलं होतं, सकाळी बरं वाटतंय की नाही हे आधी ॲपला विचारायचे. त्यापेक्षा १९९१ ची एपवर्थ नावाची साधी प्रश्नावली बरी, वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागायची शक्यता किती ते ० ते ३ मध्ये लिहायचं. ती तरी दिवसाबद्दल विचारते, त्रास तर दिवसाच होतो ना. अर्थात घोरताना श्वास अडकत असेल तर प्रश्नावली न भरता डॉक्टरकडे जावं.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी गाढ झोपेचा आकडा छापाल तेव्हा तो डोक्यावरून घेतलाय की मनगटावरून तेवढं कंसात लिहा. मी तर घड्याळ रात्री काढूनच ठेवते हल्ली, चार्जिंग तरी होतं.

आपली,
एक नियमित वाचक