इंपेरियाच्या सायकलवाल्या काकांना

आदरणीय काका,

हे पत्र मराठीत आहे. ते तुमच्यापर्यंत पोचेल की नाही कोण जाणे, पण तुम्ही काय केलंत ते आमच्या माणसांना सांगितल्याशिवाय आम्हा दोघांना राहवत नाही.

इटलीच्या किनाऱ्यावरचा ऑस्पेडालेट्टी ते सान लोरेन्झो हा २४ किलोमीटरचा सायकलमार्ग जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. सपाट रस्ता, मध्येमध्ये बोगदे आणि सगळा वेळ समुद्राची सोबत. अशा रस्त्यावर स्पोक, म्हणजे चाकातली तार, तुटायचं काही कारण नाही. तरी आमच्या सायकलच्या मागच्या चाकाचा उजवीकडचा स्पोक तुटला, तोही सीमेपलीकडच्या एका दुकानात नव्याने घातलेल्या स्पोकच्या अगदी शेजारचा.

त्या दुकानात कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा) काढून एक स्पोक घातला गेला, रीम (चाकाची बाहेरची कड) ब्रेकच्या रबरांना घासत नाही एवढं पाहिलं गेलं आणि सायकल हातात मिळाली. चाक सरळ फिरत होतं, हे खरं. पण एक स्पोक ढिला आणि शेजारचा करकचून आवळलेला असला, तरीही रीम सरळच दिसते. सामान लादलेल्या चाकात खाली येणाऱ्या प्रत्येक स्पोकचा ताण उतरतो आणि वर गेला की परत चढतो. मुळात ढिला असलेला स्पोक खाली येताच पार सैल पडतो, हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, असलेला त्याचा वाक हलत राहतो आणि शेवटी तिथेच तुटतो. ‘तुमचं सामानच जास्त आहे’ असं ऐकवून तिथे आमची बोळवण झाली. मागे वीसेक किलो ओझं आणि ३६ स्पोकचं चाक! असलं चाक लोक त्यासाठीच तर घेतात.

इंपेरियात तुमच्या दुकानाशी पोचलो, तेव्हा तुम्ही दुपारचं शटर अर्धं ओढलेलं होतं. सायकल बघितलीत आणि ते परत वर केलंत. तुटलेल्या स्पोककडे तुम्ही आधी पाहिलंच नाही. चाकभर जोडी-जोडीने स्पोक दाबून बघत गेलात. उजवीकडच्या दोन स्पोकना हबपाशी चरे पडले होते. चेन सगळ्यात मोठ्या चक्राच्या पलीकडे घसरली की असे चरे पडतात. ते दोन्ही स्पोक बदललेत आणि मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) ‘एल’ स्क्रू पिळून चेनची ती वाटच बंद केलीत. मग सगळे निपल, म्हणजे स्पोक रीमला धरून ठेवणारे छोटे नट, सैल करून प्रत्येकावर जवसाच्या तेलाचा थेंब सोडलात. पुढे दर फेरीला पाव आटा. आवळताना थोडं पुढे जायचं आणि तेवढंच मागे यायचं, म्हणजे स्पोकमध्ये पीळ राहत नाही. उजवीकडे मीटरने १२० किलोच्या आसपास ताण आला आणि डावीकडे त्याच्या साधारण साठ टक्के. कॅसेटला जागा द्यायची तर उजवे स्पोक जास्त उभे राहतात, त्यामुळे तो फरक राहणारच. शेवटी जोड्या हातांनी जोरात आवळल्यात, चाक करकरलं, आणि पुन्हा चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढलात.

हे झालं कसब. आम्ही ज्यासाठी लिहितो आहोत ते तुम्ही त्यानंतर केलंत. चार जादा स्पोक काढून डाव्या चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांडीला), चेनपासून लांब, टेपने बांधलेत. आटे खराब होऊ नयेत, निपल हरवू नयेत, म्हणून प्रत्येकाच्या टोकावर निपल फिरवून ठेवलंत. दोन उजव्या बाजूचे, त्यांना लाल टेप. दोन डावीकडचे, त्यांना काळी. वर बॉलपेनने लांबी लिहिलीत, २९० आणि २९२. दोन मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना कळत नाही. रस्त्याच्या कडेला भलत्या बाजूचा स्पोक हातात आला, तर एक तर निपलला पुरेसे आटे मिळत नाहीत, नाही तर टोक रीममध्ये वर येऊन ट्यूबला टोचतं. आम्ही काहीच मागितलं नव्हतं. तुम्ही मात्र पुढच्या शेकडो किलोमीटरचा विचार केलात.

सायकलवरचा प्रवासी हे परत न येणारं गिऱ्हाईक. चाकाचं कच्चं काम शंभर-दोनशे किलोमीटरनंतर उघडं पडतं, तोवर तो दुसऱ्या प्रांतात, कधी दुसऱ्या देशात पोचलेला असतो. त्याच्या शिव्याही दुकानापर्यंत पोचत नाहीत. अशा माणसाचं काम कोणी मन लावून केलं, तर ते फक्त स्वतःच्या सचोटीपोटी. जगात असे लोक पुष्कळ आहेत. कोणी पाण्याची बाटली भरून देतं, कोणी चढाचा रस्ता चुकवून जवळची वाट दाखवतं. त्यांच्याच भरवशावर दोन माणसं चार पॅनियर (सायकलला अडकवायच्या पिशव्या) घेऊन अनोळखी किनाऱ्याने निघू शकतात.

तुमच्या दुकानापासून पुढे कापो बेर्ता, कापो चेर्वो, कापो मेले हे तिन्ही चढ आले. मिलान-सानरेमो शर्यतीत ते उलट्या दिशेने येतात. तिन्ही चढांवर चाकाने एकदाही कुरकुर केली नाही आणि उतारावर रीम तसूभरही हलली नाही. पैसे तुम्ही फक्त स्पोकचे घेतलेत. मजुरी आमच्याकडे बाकी आहे, ती असू द्या.

तुमचे ऋणी,
ते दोघं सायकलवाले