'नाय' आणि 'ग्वाही'

प्रिय मित्रा,

परवा फोनवर मी 'नाय जमणार' म्हणालो आणि तू लगेच टोकलंस, "का रे, 'ह' जड होतो का?" तेव्हा हसण्यावारी नेलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

होतो जड. पण मग सगळीकडेच का होत नाही? 'नाही'चं 'नाय', 'पाहिजे'चं 'पायजे', 'राहिलं'चं 'रायलं' होतं. 'ग्वाही'चं 'ग्वाय' किंवा 'शाही'चं 'शाय' झालेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही. घडण तीच, तरी तिथला 'ह' शाबूत.

उच्चार बदलतो तो सगळ्या शब्दांत एकदम की निवडक शब्दांत, यावरून एकोणिसाव्या शतकात चांगलीच जुंपली होती. जर्मनीतल्या लाइपझिगच्या तरुण भाषापंडितांनी १८७८ मध्ये ठणकावलं, ध्वनिनियमाला अपवाद नसतो. बदल आला की सगळे शब्द एकजात बदलतात. १८८५ मध्ये ह्यूगो शुखार्ट या भाषापंडिताने त्यांना आडवं घेतलं. त्याचं म्हणणं, जे शब्द सतत तोंडात असतात ते आधी झिजतात. पुढे १९७६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जोन हूपर (नंतरच्या बायबी) यांनी इंग्रजीतलं उदाहरण दाखवलं. 'एव्हरी'मधला मधला स्वर गळालाच आहे, 'मेमरी'मधला कधी असतो कधी नसतो, आणि क्वचित लागणाऱ्या 'मॅमरी'त (म्हणजे स्तनांसंबंधीचं) तो टिकून आहे. हजारदा केलेली हालचाल जीभ आखडती घेते. ऐकणाऱ्यालाही पुढचं आधीच कळलेलं असतं, मग अर्ध्या उच्चारावर भागतं. (हा आळस नव्हे, सराव आहे. माझ्या बाजूने एवढं तरी लिहून ठेव.)

खरी गंमत पुढे आहे. हाच सततचा वापर काही शब्दांना वाचवतोही. लहान मुलं 'करलं' म्हणतात, पण 'केलं' दिवसभर इतक्यांदा कानावर आदळतं की 'करलं' टिकत नाही. उलट 'प्यालं' बघ. त्याचा वावर त्या मानाने कमी, म्हणून बोलण्यात 'पिलं'ही ऐकू येतं. म्हणजे उच्चार झिजतो तो जास्त वापराने, आणि वाकडं, नियमात न बसणारं रूप सरळ होतं ते कमी वापराने. शुद्धलेखनवाले दोन्हींना एकाच काठीने हाकतात, ते मला पटत नाही.

आता पुढच्या फोनवर तू 'पाहिजे' कसं म्हणतोस, ते कान देऊन ऐकणार आहे. सावध होऊन बोललास तर धरणार नाही.

तुझाच,
'नाय'वाला