दोन प्रश्न तिशीच्या आतही विचारा

मा. संपादक,

आशा सेविका घरोघरी आजारांचा धोका ओळखण्यासाठीचा 'सीबॅक' फॉर्म भरून घेतात. त्यात मधुमेह, रक्तदाबाच्या जोडीला मनाचेही दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटले का? प्रत्येकी ० ते ३ गुण. या चाचणीत बेरीज ३ किंवा जास्त आली की नऊ प्रश्नांची सविस्तर तपासणी करायची असते. सोय चांगली, पण हा फॉर्म तिशीपुढच्यांसाठी आहे. मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या आणि पाऊणएक चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. पुण्याच्या सदाशिव, नारायण पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे भरून) राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी बहुतेक मुले-मुली तिशीच्या अटीमुळे यातून सुटतात. दिवस अभ्यासिकेत जात असल्याने ती खोलीवर भेटतही नाहीत.

म्हणून हे प्रश्न अभ्यासिका, वसतिगृहे आणि महाविद्यालयांत न्यावेत. भरलेला कागद मात्र रेक्टर किंवा अभ्यासिकेच्या चालकाच्या हाती पडू नये, नाहीतर धास्तीने सगळे शून्यच लिहितील. नऊ प्रश्नांतला शेवटचा मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आले, तर एकूण बेरीज न पाहता त्याच दिवशी त्या व्यक्तीशी बोलायला हवे.

खरी गळती यापुढे, उपचार सुरू झाल्यावर होते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता, झोपेची तक्रार मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते. हे कुणी आधी सांगितले नाही, तर 'औषध सोसत नाही' म्हणून गोळ्या बंद होतात. शिवाय पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तेव्हा सातव्या दिवशी फोन आणि चौदाव्या दिवशी भेट, एवढे पहिल्याच दिवशी ठरवून द्यावे. बरे वाटू लागल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवावे लागते.

महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ५ ते ८ मानसोपचाराची ओपीडी चालवावी. पेठांतून ते जवळ आहे आणि संध्याकाळी क्लास बुडवावा लागणार नाही. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. तो प्रत्येक अभ्यासिकेच्या आणि मेसच्या भिंतीवर लावायला या आठवड्यातही हरकत नाही.

– मानसिक आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते, पुणे